अकरा मिनिटांचा ठराव

गोरक्षभाऊ सोनवण्यांना एक शाल हवी होती.

थंडीसाठी नव्हे. थंडीसाठी घरात दोन रग होते, एक गोधडी होती, आणि नाशिकच्या डिसेंबराला पुरून उरेल असा बायकोचा, म्हणजे ज्योत्स्नावहिनींचा, रागही होता. शाल हवी होती ती दुसऱ्या कुणीतरी खांद्यावर घातलेली, चार लोकांदेखत, माइकवरून नाव पुकारून.

मैत्री कॉलनी नागरिक मंडळाचे ते अकरा वर्षं सचिव होते. दर सव्वीस जानेवारीला कॉलनीतल्या गुणवंतांचे सत्कार होत. त्यासाठी मेनरोडवरून शाली आणायच्या त्या गोरक्षभाऊंनी, नारळ कानाशी हलवून निवडायचे ते गोरक्षभाऊंनी, आणि माइकवर फुंकर मारून ‘हॅलो, एक, दोन, तीन’ म्हणायचं तेही त्यांनीच. रांगोळी स्पर्धेत दुसरी आली म्हणून बायकोला शाल मिळाली. दहावीला ब्याऐंशी टक्के पडले म्हणून मुलीला, तृप्तीला, मिळाली. समोरच्या बंगल्यातल्या कुत्र्यानं पाइपचोर पकडला, तेव्हा कुत्र्याच्या मालकालाही मिळाली. लग्नात अक्षता वाटत फिरणाऱ्याच्या हाती शेवटी रिकामं ताट उरतं, तशी भाऊंची गत.

बरं, कुणाला बोल लावावा, तर नियम त्यांनीच लिहिलेला. सत्कार फक्त ‘उल्लेखनीय यशाचा’ होईल, असं मंडळाच्या घटनेत त्यांच्याच वळणदार अक्षरात होतं. आणि जमीन मोजणीच्या खात्यात कारकुनी करणाऱ्या सत्तेचाळीस वर्षांच्या माणसाला उल्लेखनीय यश भेटणार कुठं? लोकांच्या बांधांची भांडणं मिटवावीत, तर दोन्हीकडचे शिव्या देतात.

अशात दोन हजार चार सालच्या ऑक्टोबरात सकाळच्या पेपरातून एक गुलाबी पत्रक घरात पडलं. डिसेंबरच्या दुसऱ्या रविवारी पूर्ण मॅरेथॉन. त्र्यंबक रोडवरच्या मैदानापासून अंजनेरीच्या पायथ्यापर्यंत आणि परत. हौशी धावपटूंना मुक्त प्रवेश. अंतर बेचाळीस किलोमीटर, एकशे पंच्याण्णव मीटर. बेचाळीस किलोमीटर वाचून भाऊंनी पत्रक रद्दीवर ठेवलं, पण त्या एकशे पंच्याण्णव मीटरनं त्यांचं मन जिंकलं. एवढी चोख मोजणी ज्यांनी केली, ती माणसं फसवणारी नव्हेत.

त्यांनी मंडळाच्या बैठकीत विषय काढला. समाजमंदिरातल्या सतरंजीवर सात जण बसत. अध्यक्ष चिमाजी पगार एसटीतून कंट्रोलर म्हणून निवृत्त झालेले. बैठक सुरू होते असं ते कधी म्हणत नसत, सुटते म्हणत. बारकूशेठ निरगुड्यांचा पिंपळगाव बसवंतला द्राक्षांचा व्यापार होता. योगेश कॉम्प्युटर क्लास चालवी आणि जगातली कुठलीही गोष्ट दहा मिनिटांत छापून आणी. उज्वलाताई शाळेत गणित शिकवत. राहिले दोघे गायकवाड बंधू, एका भिंतीचे शेजारी. थोरला हो म्हणाला की धाकट्याचं नाही ठरलेलं, त्यामुळे त्या दोघांची मिळून बेरीज शून्य येई.

प्रश्न असा पडला, की मॅरेथॉनमध्ये साध्या माणसानं काय केलं म्हणजे ते उल्लेखनीय म्हणायचं.

बारकूशेठांच्या मते पहिले तीन नंबर तेवढे खरे, बाकी नुसती गर्दी. गोरक्षभाऊंच्या पोटाकडं एकदा पाहून मग त्यांनी जरा उदार होत प्रतवारी लावली. तीन तासांत आला तो एक्स्पोर्टचा माल, चार तासांत आला तो लोकल, आणि त्यानंतर येतील त्यांना बेदाण्याच्या शेडमध्ये वाळत घालावं. योगेशनं अकरा कागद छापून आणले होते. परदेशात म्हणे हौशी माणूस चार तासांच्या आत आला तर लोक मान डोलावतात, साडेतीनला आला तर सराव कुठं करता असं विचारतात, आणि तीनच्या आत आला तर त्याच्या घरचे त्याच्याशी बोलणंच सोडतात, कारण तो घरी नसतोच. उज्वलाताईंचं म्हणणं, पस्तीस मार्कांचा पासही पासच असतो, सात तास लागले तरी पोचला तो पोचला. चिमाजींना तर वेळेचा मुद्दाच पटेना. जी गाडी डेपोतून सुटली आणि वाटेत कुठं न फेल होता त्याच ड्रायव्हरसह डेपोत परतली, तिच्याइतकं उल्लेखनीय त्यांनी तीस वर्षांत काही पाहिलं नव्हतं.

दीड तास असा गेला. शेवटी उज्वलाताईंनी योगेशचे चार आणि आपले सात मिळवले, दोनानं भागले, आणि साडेपाच आले. कुणालाच न पटलेला आकडा म्हणून तो सगळ्यांना मान्य झाला. ‘हौशी धावपटूने पूर्ण मॅरेथॉन साडेपाच तासांच्या आत पुरी केल्यास ते यश उल्लेखनीय समजावे’ असा ठराव गोरक्षभाऊंनी स्वतःच्या हातानं लिहिला, खाली रेघ मारली, आणि त्या रेघेकडं ते बराच वेळ पाहत राहिले.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे पाचला भाऊ पळू लागले.

पळणं सोपं होतं, लोक कठीण होते. जॉगिंग ट्रॅकवर पेन्शनर मंडळी तिघातिघांच्या ओळीनं चालत आणि महागाई भत्त्यावर बोलत. त्यांना ओलांडून जाणं म्हणजे त्यांच्या सेवेचा अपमान. म्हणून भाऊ रस्त्यानं पळू लागले, तर दूधवाला मोटारसायकल थांबवून म्हणे, बसा मागं, कुठं सोडू. नाही म्हटलं की त्याला वाईट वाटे. थोरल्या गायकवाडांनी बजावलं, पळावं ते उपाशीपोटी. धाकट्यांनी सांगितलं, तीन केळी खाल्ल्याशिवाय पळणारा माणूस मधेच चक्कर येऊन पडतो. दोघांचंही मन राखायचं म्हणून भाऊ रोज दीड केळं खात.

त्यातच सासूबाई आल्या. लंकाबाई घोटीकडच्या, भाताची सुगी उरकली की नव्या इंद्रायणीचं पोतं घेऊन लेकीकडं महिनाभर राहायच्या. जातं कधीच सुटलं होतं, पण ओवी काही ओठांवरून सुटली नव्हती. तांदूळ निवडता निवडता त्या समोर दिसेल ते ओवीत घालत. पहिल्याच पहाटे त्यांनी गॅलरीतून जावयाला पळताना पाहिलं आणि सूप हातात घेऊन सुरू केलं:

*जावई माझा गं पळतो, पहाटच्या दवात,*
*पुसती आयाबाया, आग लागली का गावात?*

ओवी खालच्या मजल्यावर पाठ झाली. दोन दिवसांत कॉलनीतली लहान पोरं ती म्हणू लागली. भाऊ दुखावले, पण सासूला काय बोलायचं? त्यांनी वेग तेवढा वाढवला. हेतू काहीही असो, त्या ओवीनं त्यांचे किलोमीटरमागं वीस सेकंद वाचवले.

मग आला तंदुरुस्तीचा दाखला. तो सरकारी दवाखान्याचाच लागत होता. भाऊ तीन खेपा घालून आले. तिथल्या कारकुनाकडं आजारी असल्याच्या दाखल्यांचं छापील पुस्तक होतं, धडधाकट असल्याच्या दाखल्याचं नव्हतं. त्याच्या वीस वर्षांच्या नोकरीत असला दाखला मागायला कुणी आलंच नव्हतं. आजारी म्हणून हवं असेल तर आत्ता देतो, तो म्हणाला, पण ठणठणीत आहात असं लिहायचं तर तपासावं लागेल. शेवटी डॉक्टरांनी तपासलं आणि छापील दाखल्यावरचा ‘कामावर जाण्यास असमर्थ’ हा मजकूर खोडून वर पेनानं ‘पळण्यास हरकत नाही’ असं लिहिलं. कागद असा दिसत होता, जणू भाऊ मोजणी खात्यातूनच पळून चालले आहेत.

शर्यतीच्या रविवारी सकाळी सहाला शिट्टी वाजली. तीनशे अठरा हा क्रमांक छातीवर लावून भाऊ निघाले. दहाव्या मिनिटाला पुढचे सगळे धुक्यात विरघळले आणि मागं कुणीच उरलं नाही. पण भाऊंचं घड्याळावर लक्ष होतं. मोजणीच्या माणसाची चाल. साखळी टाकल्यासारखी, एकसारखी. बेळगाव ढगा हे गाव मागं पडलं, शेतांतून द्राक्षांच्या फवारणीचा वास आला, मग डोंगराची निळी कड उजाडत गेली. अंजनेरीच्या पायथ्याला त्यांनी वळसा घातला तेव्हा दोन तास अडतीस मिनिटं झाली होती. असंच चाललं तर पाच सोळा, फार तर पाच वीस. भाऊंना खांद्यावर लोकरीची ऊब जाणवू लागली.

आणि महिरावणी आलं.

महिरावणीत लंकाबाईंची धाकटी बहीण गोजराबाई राहते, हे भाऊंना लग्नापासून ठाऊक होतं. लंकाबाईंनी तिला निरोप धाडला आहे, हे ठाऊक नव्हतं. रस्त्याच्या कडेला रांगोळी घातलेली. रांगोळीवर पाट. पाटामागं गोजराबाई, तिच्या मागं आठ-दहा बाया, आणि ताटात निरांजन. जाताना म्हणे हीच मंडळी तयार होत होती, म्हणून चुकामूक झाली. आता मात्र गोजराबाई सरळ डांबरी रस्त्यावर उतरली आणि तिनं जावयाचं मनगट धरलं.

“मावशी, मी शर्यतीत आहे,” भाऊ जागच्या जागी पळत म्हणाले.

“शर्यत काय, पुढल्या सालीबी येईल,” ती म्हणाली. “जावई वीस वर्सांत पयल्यांदा दारावरनं चालला. टेका, जावईबापू.”

नाशिक जिल्ह्यात मोठमोठे पुढारी रस्ता अडवतात, त्यांना पोलीस उचलतात. जावयाच्या मानासाठी अडवलेला रस्ता कुणी मोकळा करायचा? भाऊ पाटावर टेकले. बायांनी बूट काढले, पायांवर कोमट पाणी घातलं, मोजे ओले झाले. औक्षण झालं. शिऱ्याची बशी आली, ती संपेतो दुसरी आली. एका म्हाताऱ्यानं छातीवरच्या तीनशे अठराकडं बोट दाखवून हा गट नंबर कुणाचा असं विचारलं, कारण तिथल्या मोजणीला भाऊ एकदा आले होते आणि तो वाद अजून मिटलेला नव्हता. त्याला समजावण्यात दोन मिनिटं गेली. मग गोजराबाईनं त्यांच्या डोक्यावर पांढरी टोपी ठेवली, खांद्यावर टॉवेल टाकला, हातात नारळ दिला. भाऊंनी घड्याळ पाहिलं आणि त्यांना रडू येणारच होतं, पण तिनं त्यांच्या दोन्ही गालांवरून हात फिरवून कानशिलांवर बोटं मोडली, तेव्हा ते नुसतेच वाकले आणि पाया पडले.

पुढचे तेरा किलोमीटर गोरक्षभाऊ सोनवणे टोपी, टॉवेल आणि नारळासह धावले.

नारळ टाकून द्यावा असा विचार मनात आला नाही असं नाही. पण जावयाला दिलेला नारळ रस्त्यात टाकणं म्हणजे ज्योत्स्नेला रस्त्यात टाकण्यासारखं. तो त्यांनी डाव्या हातात घेतला, मग उजव्या, मग छातीशी तान्ह्या बाळासारखा धरला. त्र्यंबकला निघालेल्या एका जीपमधली मंडळी हे ध्यान पाहून खाली उतरली. कडक नवस दिसतोय, असं म्हणून एका आजींनी त्यांच्या पायाला हात लावला. कुठल्या देवाचा, असंही विचारलं. भाऊंना दम लागला होता, त्यांनी नुसतं आकाशाकडं बोट केलं. ते त्या मंडळींना फारच पटलं. दीड मिनिट तिथं गेलं.

शेवटच्या मैलात ओल्या मोज्यांनी टाचा सोलल्या. पोटात शिरा डचमळत होता. शालीचा विचार कधीच मागं राहिला होता. भाऊ आता फक्त विजेचे खांब मोजत होते, आणि मोजता मोजता चुकत होते.

मैदानात मांडववाले खुर्च्या रचत होते. कमान अर्धी उतरवली होती. एका टेबलापाशी पंच म्हणून आलेले कुणी निवृत्त पीटी मास्तर घड्याळ धरून एकटे बसले होते, आणि पलीकडं लिंबाखाली डबा उघडून तिघीजणी. दुरूनच लंकाबाईंचा बारीक सूर येत होता. ही ओवी थट्टेची नव्हती. पण भाऊंना ते सूर जवळ येईपर्यंत कळलं नाही:

*वाट सरंना सरंना, ऊन चढलं माथ्याला,*
*भात निवला डब्यात, कोण बसंल जेवायला?*

तृप्तीनं आधी पाहिलं. ती धावत आली आणि शेवटची शंभर पावलं बापाच्या बाजूनं चालली. हो, चालली, कारण त्यांच्या पळण्याला तेवढं पुरे होतं. नारळ दे म्हणाली, त्यांनी दिला नाही. मास्तरांनी घड्याळ दाबलं.

“पाच तास एक्केचाळीस,” ते म्हणाले, आणि वहीत लिहून पुन्हा म्हणाले, “शाब्बास.”

श्वास परत येण्याआधी भाऊंनी वजाबाकी केली. अकरा मिनिटं. ज्योत्स्नावहिनींनी टोपीकडं पाहिलं, टॉवेलकडं पाहिलं, मग आईकडं. लंकाबाईंना काही कळलं नाही, त्या बहिणीनं मान राखला म्हणून हरखल्या होत्या. भाऊंनी निवलेला भात खाल्ला, वर ताकही मागितलं. घरी आल्यावर मात्र अंघोळीला गेलेला माणूस अर्धा तास बाहेर आला नाही, आणि आत पाण्याचा आवाजही नव्हता.

मंडळाची बैठक दुसऱ्याच संध्याकाळी होती. सत्कारांची यादी त्याच दिवशी पक्की व्हायची. ज्यांनी कधी लांब पळून पाहिलं आहे त्यांना ठाऊक असतं, की पाय शर्यतीच्या दिवशी नव्हे, दुसऱ्या दिवशी हिशेब मागतात. घरापासून समाजमंदिरापर्यंत दीडशे पावलं. भाऊंना बारा मिनिटं लागली. पायरी ते पाठमोरे चढले. सतरंजीवर बसले ते बसणं नव्हतं, पोतं उतरवल्यासारखं होतं.

विषय निघाला. अकरा मिनिटं माफ करावीत का?

योगेश म्हणाला, घड्याळ कुणासाठी थांबत नाही, परदेशात तर तिथंच नाव कटतं. बारकूशेठांनी वेगळाच मुद्दा काढला. महिरावणीला टोपी, टॉवेल, नारळ देऊन यांचा सत्कार झालेला आहे. एकाच धावण्याचे दोन सत्कार म्हणजे एका घडाची दोनदा विक्री. उज्वलाताई म्हणाल्या, पेपर लिहिताना परीक्षकानंच शिरा आणून दिला तर वेळ वाढवून देतात. चिमाजींचं मत, सासुरवाडीचा थांबा हा अधिकृत थांबा समजावा. गाडी लेट झाली, रद्द झाली नाही. थोरले गायकवाड हो म्हणाले, त्यामुळे धाकटे नाही म्हणाले. भाऊ खाली मान घालून इतिवृत्त लिहीत होते. अकरा वर्षांत त्यांनी कितीकांची वाखाणणी या वहीत उतरवली. आज स्वतःवरची चर्चा लिहिताना अक्षर थोडं बिघडत होतं.

मतदानाची मंडळाची पद्धत उभं राहण्याची होती. पूर्वी हात वर करत, पण मागाहून लोक म्हणत, मी पंखा बंद करायला सांगत होतो. म्हणून ठरावाच्या बाजूचे त्यांनी उभं राहायचं, बाकीच्यांनी बसून राहायचं, सातांत चार उभे म्हणजे मंजूर. चिमाजी उभे राहिले. उज्वलाताई उभ्या राहिल्या. थोरले गायकवाड उभे राहिले. बारकूशेठ, योगेश आणि धाकटे गायकवाड मांडी घालून ठाम बसले.

तीन उभे, तीन बसलेले. सगळ्यांनी सचिवांकडं पाहिलं.

स्वतःच्या सत्काराला स्वतः मत द्यावं का, असा प्रश्न आलाच. नियमात मनाई नव्हती. नियम लिहिताना ही वेळ येईल असं भाऊंच्या स्वप्नातही आलं नव्हतं. मध्यमवर्गातल्या माणसाला अशा वेळी ‘छे छे, मला कशाला’ म्हणायची सवय असते. तोंडाशी ते आलंही. पण त्यांच्या डोळ्यांपुढं ते विजेचे खांब आले, एकामागून एक, न संपणारे. भाऊंनी वही मिटली.

“मी उभा राहतो,” ते म्हणाले.

आणि त्यांना उभं राहता येईना.

त्यांनी उजवा गुडघा उचलला, तो डावीकडं गेला. दोन्ही हात टेकले, तर सतरंजीच पुढं सरकली. एकदा ते चार बोटं वर आले आणि तसेच खाली बसले. कुणी हसलं नाही. कपाळावर घाम, ओठ आवळलेले, कान लाल. बेचाळीस किलोमीटर पळून आलेला माणूस दोन फूट उंची चढू शकत नव्हता. तिसऱ्या खेपेला ते कुशीवर कलंडायला लागले तेव्हा बारकूशेठ “अहो, अहो, थांबा” म्हणत उठले आणि त्यांनी डाव्या काखेत हात घातला. बारकूशेठांच्यानं एकट्यानं काही होईना, म्हणून धाकटे गायकवाड उठले, त्यांनी उजवी काख धरली. मागं आधाराला कुणी नव्हतं, म्हणून योगेश उठला आणि पाठीला खांदा लावून उभा राहिला. हेइसा करून तिघांनी गोरक्षभाऊंना त्यांच्या पायांवर आणलं आणि धरून ठेवलं.

चिमाजी पगारांनी गाडी सुटण्याआधी प्रवासी मोजतात तशी बोटानं डोकी मोजली. सात.

“सर्वानुमते,” ते म्हणाले.

योगेशनं लगेच हरकत घेतली, की ते तिघं मतासाठी नव्हे, उचलायला उठले होते.

“कशाला उठलात ते लिहायची पद्धत नाही,” चिमाजी म्हणाले. “उठलात की नाही, तेवढं सांगा.”

योगेशनं खाली बसायचा विचार केला असावा. पण तो बसला असता तर भाऊ मागच्या मागं आडवे झाले असते. बारकूशेठांनी योगेशकडं पाहिलं, धाकट्या गायकवाडांनी थोरल्याकडं पाहिलं, आणि काखेतले हात कुणीच काढले नाहीत.

इतिवृत्त पुरं करायचं राहिलं होतं, ते काम सचिवांचं. उज्वलाताईंनी वही आणि पेन उचलून दिलं. खाली बसून लिहावं, तर पुन्हा उठवणार कोण? मग योगेश पुढं आला, पाठ करून जरा वाकला. त्याच्या जागी थोरले गायकवाड गेले. गोरक्षभाऊंनी योगेशच्या पाठीवर वही ठेवली आणि आपल्या वळणदार अक्षरात, एकेक काना मात्रा जपत, लिहायला घेतलं.

“जरा हलू नका,” ते म्हणाले. “नाव येतंय.”